अण्णांची चोपडी कुणी उघडायची?

माझं सांगलीत विश्रामबागेत मेडिकल आहे. एकवीस वर्षं कौंटरमागं उभं राहून एक खोड लागलीय, घरातल्या गोळ्यासुद्धा मी स्टॉक मोजल्यासारख्या मोजते. दर रविवारी गावभागात वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या घरी जायचं, त्यांचा आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरायचा, स्ट्रिपा उलट्या करून बघायच्या. किती गेल्या, किती उरल्या.

गेल्या आषाढात सगळा हिशोब बरोबर येत होता. तिथंच मी फसले.

अण्णा हळदीच्या अडतीत चाळीस वर्षं दिवाणजी होते. जमाखर्च कसा जुळवायचा हे त्यांना मी शिकवणार? रोज रात्री जेवणानंतर डब्यातला कप्पा रिकामा व्हायचा. गोळी हातात, हात तोंडाजवळ, वर पाण्याचा घोट. आणि गोळी तपकिरीच्या रिकाम्या डबीत. अकरा रात्री. बाराव्या दिवशी सकाळी मावशींचा फोन आला, "ताई, आन्नांच्या डबीत गोळ्या हायती बगा. बारक्या, पांढऱ्या."

मावशी म्हणजे अण्णांकडं दिवसभर असतात त्या. सकाळी आठला येतात, रात्रीचं जेवण घालून, गोळ्या देऊन आठ-सव्वाआठला जातात. माणूस चोख. डबी त्यांना चार दिवस आधीच दिसली होती, पण त्यांना वाटलं असेल काहीतरी ताकदीचं, म्हातारा माणूस कंटाळला असेल. मी त्यांना लिहून दिलेल्या कागदावर त्या गोळीपुढं फक्त 'रात्री १' एवढंच होतं. ती कशाची, चुकली तर काय, हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. अण्णांनीच सांगितलं होतं, कुणाला सांगू नको म्हणून.

आता मागचं सांगते.

अण्णा ब्याऐंशीचे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात, म्हणून सहा वर्षं रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. वॉरफरिन. ही गोळी घेणाऱ्यांच्या घरात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, हा शब्द भाजी-भाकरीसारखा रोजचा होतो. अण्णांचा आकडा दोन ते तीनच्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. पालेभाजी एकदम वाढवली की आकडा हलतो, नवीन औषध आलं की हलतो. म्हणून रिपोर्ट लागतात, सारखे लागतात, आणि दाखवायला मागचेही लागतात.

हे कागद पूर्वी एका पिशवीत असायचे. अडतीच्या नावाची पिवळी कापडी पिशवी, कोनाड्यात खिळ्याला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. पंचेचाळीस ही धोक्याची पातळी, म्हणजे बघा. आम्ही अण्णा-आईला माझ्याकडं आणलं. आईनं देव घेतले, अण्णांनी घराची कागदपत्रं घेतली, पिशवी राहिली. पंधरवड्यानं दार उघडलं तर ॲन्जिओग्राफीचा रिपोर्ट पापडाच्या पिठासारखा झालेला. अण्णांनी जे हाताला लागलं ते दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं. अक्षर एक उरलं नव्हतं, पण फेकून देऊ देईनात.

तेव्हा दादानं मनावर घेतलं. दादा, माझा थोरला भाऊ, पुण्यात असतो. तो म्हणाला, आता सगळं ऑनलाइन ठेवायचं. त्या पुरात अण्णांचा मोबाइलही गेला होता, त्यामुळं आधारला त्यानं स्वतःचा नंबर जोडून टाकला. तात्पुरता. आपल्याकडं तात्पुरतं म्हणजे किती वर्षं, हे सांगायला नको. पुढं आभा, म्हणजे सरकारी आरोग्य-खाती, निघायला लागली तेव्हा त्यानं पुण्यात बसूनच अण्णांचं खातं काढलं. चौदा आकडी नंबर आला, आधारचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर आला, ॲप त्याच्याच फोनमध्ये बसलं. अण्णांना त्यानं फोनवर सांगितलं, "अण्णा, तुमचं काम झालं." अण्णा म्हणाले, "कसलं?" दादा म्हणाला, "आरोग्याचं."

ही आभा काय भानगड आहे हे मी अण्णांना नंतर समजावलं, ते पेवाच्या भाषेत. सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, हरिपूरला जमिनीत खणलेल्या खोल पेवांत हळद साठवायची जुनी पद्धत होती. २००५ च्या पुरानं त्यातली बरीच पेवं बाद झाली. पण अण्णांच्या उमेदीत माल हरिपूरच्या पेवात आणि त्याची चिठ्ठी अडतीच्या गल्ल्यात, असा कारभार. आभाचंही तसंच. तुमचे रिपोर्ट दिल्लीत कुठल्या एका कोठारात जाऊन पडत नाहीत. ज्या दवाखान्यानं, ज्या लॅबनं ते केले, त्यांच्याचकडं राहतात. आभा नंबराला जोडले असले की दुसरा डॉक्टर ते मागू शकतो, आणि मागितल्यावर खातेदाराच्या फोनवर विचारणा येते. कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे कागद, आणि ही परवानगी संपणार कधी. त्यात कमी-जास्त करता येतं, नाही म्हणता येतं, दिलेली परत घेता येते.

अण्णांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे चिठ्ठी माझ्या नावची. आणि सही?"

सही दादाच्या फोनमध्ये होती. हे उत्तर मला देता आलं नाही, कारण तोवर घोटाळा होऊन गेला होता.

आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. अण्णा जेवत होते, पेपर वाचत होते, गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन येत होते. पण बोलणं आटलं होतं. भडंग आणलं तर पुडा तसाच. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसायचे. शेवटी मीच मिरजेला एका मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. ते सहजासहजी आले नाहीत. दोन महिने "बघू" चाललं होतं. आले ते एका अटीवर, "ही गोष्ट तुझ्यामाझ्यात." डॉक्टरांनी वॉरफरिन चालू असल्याचं बघितलं आणि नीट विचार करून एस्सिटालोप्रॅम ही उदासीवरची गोळी लिहिली, कमी डोसमध्ये, आठवड्यानं आयएनआर करून दाखवा म्हणाले. या जातीच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर चालू असल्या तर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. म्हणजे जी गोष्ट अण्णांना कुणालाच कळू द्यायची नव्हती ती हृदयाच्या डॉक्टरांना कळणं भागच होतं. तेवढं त्यांनी कबूल केलं. गोळी लागू पडली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, आंबे काय भाव चाललेत म्हणून. मी गाडीवर रडत घरी आले.

त्याच सुमारास लघवीच्या त्रासासाठी अण्णा दोन दिवस मिरजेत ॲडमिट होते. डिस्चार्जचा कागद आभाला जोडला गेला आणि दादाला पुण्यात दिसला. त्यानं तो आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वाईट हेतू काडीचा नव्हता. सगळे विचारत होते, अण्णा कसे आहेत, प्रत्येकाला वेगळं काय सांगायचं, हा घ्या कागद. ग्रुपवर चौतीस जण. कागदात प्रोस्टेट किती मोठं झालंय ते होतं, लघवीची नळी घातल्याचं होतं, आणि चालू औषधांच्या यादीत सहाव्या नंबरला ती गोळी होती, पुढं कंसात कशासाठी तेही.

मग सल्ल्यांचं पेव फुटलं. कुणी भोपळ्याच्या बिया, कुणी गोखरू. एका चुलतभावानं गोळीचं नाव शोधून चिकटवलं. संध्याकाळी आत्याचा थेट अण्णांना फोन, "अरे, तुला मनाच्या गोळ्या चालू आहेत म्हणे? वहिनी गेल्याचं एवढं लावून घेतलंस होय?" आत्या अठ्ठ्याऐंशीची, तिला त्यात काही गैर वाटलं नाही. खरं तर तिनं मायेनंच विचारलं.

अण्णांनी फोन ठेवला आणि त्या रात्रीपासून गोळी डबीत जायला लागली.

ही गोळी अशी एकाएकी बंद करायची नसते. चक्कर येते, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो. अण्णांना चक्कर यायला लागली आणि आम्ही बीपी तपासत बसलो. रक्त पातळ असलेला ब्याऐंशीचा माणूस न्हाणीघरात चक्कर येऊन पडला तर काय होतं, हे मला कौंटरवर शिकायची गरज नाही. ते पडले नाहीत, हे आमचं नशीब.

मी आणि दादा दोघंही चुकलो, आणि चुका एकमेकींच्या उलट्या होत्या, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. दादानं चौतीस जणांना दाखवलं, ज्यातल्या तेहेतिसांना त्याची गरज नव्हती. मी मावशींपासून लपवलं, आणि रोज गोळी हातात देणारी तीच एक बाई होती.

कौंटरवर मी हे रोज बघते, पण आपल्या घरात दिसत नाही. पोरगा येतो, मोबाइल पुढं करतो, "हे द्या." स्क्रीनवर प्रिस्क्रिप्शनचा फोटो, तोही बाजूनं कापलेला, तारीख कुठंय, पत्ता नाही. ते शोधायला बोट फिरवलं की पुढचा फोटो सरकून येतो, बहिणीच्या सोनोग्राफीचा. एकदा एका सुनेच्या फोनमध्ये सासऱ्यांच्या फाइलचे चाळीस फोटो होते आणि त्यांतच मुलाची गुणपत्रिका, गॅसचं बिल, हळदीकुंकवाचे फोटो. ती बिचारी सगळं करत होती, दवाखाना, औषधं, जेवण. पण तिला कुठली गोळी आता चालू आणि कुठली गेल्या वर्षीची, हे त्या ढिगात सापडेना. सगळं हातात असून काहीच हातात नाही.

माझी थोरली बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिला ही हकीकत सांगितली तर ती म्हणाली, तुम्ही लोक बापाच्या नावानं आत शिरता, हीच गडबड आहे. तिच्या सासूबाई मूळच्या साताऱ्याच्या, आता तिच्याजवळच राहतात. तिकडं एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं ॲप आहे. पण ताई सासूबाईंच्या नावानं त्यात जात नाही. ती स्वतःच्या नावानं जाते आणि तिथून सासूबाईंच्या खात्यावर उडी मारते. त्यासाठी आधी त्यांच्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात फॉर्म भरावा लागला, दोघींचीही ओळख पटवावी लागली. फॉर्मवर वेगवेगळ्या चौकटी होत्या. अपॉइंटमेंट घेणं वेगळं, नेहमीची औषधं मागवणं वेगळं, रेकॉर्ड वाचणं वेगळं. आणि दवाखान्यानं काय करावं? ताईला बाहेर बसवलं. सुनेनं भाषांतर करायचं नाही म्हणून फोनवर दुभाष्या घेतला आणि सासूबाईंना एकटीला विचारलं, तुमच्यावर कुणी जबरदस्ती करत नाही ना?

ताईला तेव्हा भयंकर राग आला होता. मी इथं ह्यांचं सगळं करते आणि मलाच संशयानं बघतात. वर सासूबाईंनी पहिल्या दोन चौकटींवर खूण केली, तिसरी कोरी सोडली. अपॉइंटमेंट घे, औषधं मागव. वाचायचं नाही. का, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. ताई म्हणते, आता मला त्याचं काही वाटत नाही. मला ते पूर्ण खरं वाटत नाही, पण ते असो.

तिकडं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही, ताईच्याच तोंडून तिथल्या अपॉइंटमेंटच्या कथा ऐकल्यात. पण ती तिसरी चौकट माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या अण्णांना कुणी चौकटच दाखवली नव्हती.

आपल्याकडं कायद्यात काही नाही असंही नाही. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा सांगतो की अशा उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला आहे. त्याच कायद्यानं साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमता येतो. २०२३ च्या डिजिटल डेटाच्या कायद्यातही आपण गेल्यावर किंवा असमर्थ झाल्यावर आपल्या माहितीचे हक्क कुणी वापरायचे, हे ठरवून ठेवायची सोय केलीय. पण गुप्ततेचा कायदा डॉक्टरला बांधतो. पोरांना कोण बांधणार?

तर त्या रविवारी मी डबी घेऊन अण्णांसमोर बसले. मला वाटलं होतं मी बोलेन. बोलले ते.

"माझी चोपडी कुणाकुणाला दाखवलीत?"

मी म्हटलं, दादानं काळजीपोटी.

"काळजी हाय म्हणून चोपडी चव्हाट्यावर टाकायची?" अण्णा चिडले की बोलण्यात अडत येते. "अडतीत शेतकरी आला की त्याची पट्टी त्याला दाखवायची. शेजारी त्याचा सख्खा भाऊ बसलेला असंना, भावाची पट्टी भावाला. मालक म्हणाला तरी मी कधी एकाचं पान दुसऱ्याफुडं उघडलं न्हाई. चाळीस वर्षं. आणि माझं पान तुम्ही चौतीस जणात उघडलंत."

मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मावशी आतून चहा घेऊन आल्या तेव्हा डबी माझ्या हातातच होती. मी ती पदराखाली घेतली, आणि माझं मलाच हसू आलं.

चहा झाल्यावर मी म्हटलं, तुमचं पान तुमचंच आहे, पण अण्णा, त्या पानावर एक-दोन आकडे असे आहेत की ते मावशींना माहीत नसतील तर जिवावर बेतेल. रक्त पातळ आहे हे त्यांना माहीत आहे. हिरड्यांतून रक्त आलं, शी डांबरासारखी काळी झाली, डोक्याला मार लागला, की थांबायचं नाही, मला फोन करायचा, हेही माहीत आहे. ही रात्रीची गोळी चुकली तरी फोन करायचा, एवढं त्यांना सांगू दे. कशाची ते नाही सांगत.

"झोपेची म्हणून सांगू नको," अण्णा म्हणाले. "खोटी नोंद नको. 'रात्री, न चुकता' असं लिही."

मी मावशींचा कागद नवा केला. मराठीत, मोठ्या अक्षरात, गोळीचा रंग, वेळ, आणि त्या गोळीपुढं 'रात्री, न चुकता, समोर गिळेपर्यंत थांबायचं'. गोळी परत सुरू करायची ती डॉक्टरांना विचारूनच केली आणि आठवड्यानं आयएनआर केला. तीन पॉइंट चार, जरा वर. वॉरफरिनचा डोस किंचित कमी केला, पंधरा दिवसांनी दोन पॉइंट सहा.

पुढं महिन्याभरानं अण्णांनीच मावशींना सांगितलं, ती गोळी कशाची ते. मी नव्हते तिथं. मावशींनीच मला सांगितलं, आणि म्हणाल्या, "म्या आन्नांना इचारलं, माज्या मालकास्नीबी ही गोळी लागली अस्ती का ओ?" त्यांचे मालक नऊ वर्षांपूर्वी गेले. कसे गेले ते त्यांनी मला तोवर कधी सांगितलं नव्हतं.

दादाचं प्रकरण जास्त लांबलं. त्यानं ग्रुपवरचा कागद पुसला, पण चौतीस फोनांत उतरलेलं कसं पुसणार. आधी तो रागावला, मग म्हणाला, "मग मला काहीच कळायला नको का?" हा प्रश्न खोटा नव्हता. दोनशे किलोमीटरवर बसलेल्या पोराला बापाचा रिपोर्ट दिसला की तो रात्री झोपू शकतो. मी दर रविवारी जाते, माझ्याजवळ डोळे आहेत, त्याच्याजवळ फक्त ते ॲप. आणि खरं सांगायचं तर ॲडमिट असताना पैसे त्यानंच भरले होते. जो बिल भरतो त्याला कागद बघायचा हक्क आपोआप मिळतो, असं आपल्या घरांतून गृहीतच असतं. अण्णांना ते मान्य नव्हतं. "सावकारालाबी सगळी चोपडी दाखवत न्हाईत," असं ते म्हणाले. मी दादाला हे वाक्य सांगितलं नाही. आता इथं वाचेल तो. वाच बाबा.

पहिलं काम म्हणजे आधारचा नंबर बदलणं. ते तेव्हा घरबसल्या होत नव्हतं, केंद्रावर जावं लागलं. अण्णांचे ठसे काही केल्या उमटेनात. चाळीस वर्षं कागद उलटून बोटं गुळगुळीत झालेली. तिथल्या मुलीनं ओल्या फडक्यानं बोटं पुसली, मग कोरड्या, मग अनामिका चालली. नंबर अण्णांचा, त्यांच्या बटणांच्या फोनचा. ओटीपी आता गावभागात वाजतो.

ॲप आता माझ्या फोनमध्ये आहे, कारण अण्णांच्या फोनमध्ये ते बसत नाही. म्हणजे मीही बापाच्या नावानंच आत शिरते, ताई म्हणते ती गडबड आमच्याकडं संपलेली नाही. पण प्रत्येक वेळी आत जायला ओटीपी लागावा, म्हणून मी मुद्दाम दर वेळी बाहेर पडून ठेवते. गैरसोयीचं आहे. एकदा मिरजेत कौंटरवर मी उभी, मागं रांग, आणि अण्णा फोन उचलेनात, कारण दुपारची झोप. रांगेतल्या एका बाईनं मला सुनावलं. पण तेवढी गैरसोय असू दे असं मला वाटतं.

आणि सगळंच काही त्यात नाही. गल्लीतली लॅब अजून पीडीएफ व्हॉट्सॲपवरच पाठवते. आमचे जुने फॅमिली डॉक्टर कागदावरच लिहितात आणि अक्षर मलाच लागतं. त्याचे फोटो काढून मी ॲपमध्ये घालते, तारखेनं. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात एक जाड कार्ड ठेवलंय, 'रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे', वॉरफरिनचं नाव आणि माझा नंबर. ते मात्र कुणीही वाचावं. देवळात चक्कर आली तर तिथला फुलवाला आभाचे चौदा आकडे विचारत बसणार नाही.

अण्णांनी नियम केले ते लाल कापडी बांधणीच्या जुन्या चोपडीत. मला वाटलं, साध्या कागदावर दोन ओळी लिहितील. त्यांनी पान आखलं. मला सगळं, पण घराबाहेर काही नाही. जावयाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काही नाही, "चांगला माणूस हाय, पण बोलतो फार." खरं आहे. ताईला विचारेल ते, पण विचारल्यावर. मावशींना गोळ्या आणि खायचं-प्यायचं. हृदयाच्या डॉक्टरांना सगळं. दादापुढं त्यांनी 'आयएनआर आणि ॲडमिट झालो तर लगेच' असं लिहिलं आणि बाकीची ओळ रिकामी ठेवली. मी विचारलं, ही का कोरी? म्हणाले, "पाडव्याला बघू." दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी चोपडी घालतात, तेव्हा हे सगळं पान नव्यानं लिहायचं असं त्यांनी ठरवलंय. कुठलीच परवानगी पाडव्यापलीकडं नाही.

आणखी एक त्यांनी सुरू केलंय, ते मला कुणी सुचवलं असतं तर मी हसले असते. फोनजवळ एक शंभर पानी वही आहे. ओटीपी आला आणि तो कुणाला सांगितला, की नोंद होते. तारीख, वेळ, कुणी मागितला, कशाला. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एकानं मध्यंतरी ओटीपी मागितला होता, त्याचीही नोंद आहे: 'चोर. दिला नाही.'

परवा हृदयाच्या डॉक्टरांकडं मागचे तीन रिपोर्ट दाखवायचे होते. मी कौंटरवरून फोन केला, दुकानात गर्दी होती, घाईत म्हटलं, "अण्णा, ओटीपी आला असेल, सांगा." तिकडून चष्मा शोधल्याचा आवाज. मग वहीचं पान उलटल्याचा. मग म्हणाले,

"कशाला पाहिजे?"

"अहो, मी बोलतीय."

"व्हय, कळलं. कशाला पाहिजे, ते सांग. लिहायचं हाय."